खरा पश्चात्ताप

माणसाच्या हातून चूक होते. आपण चुकलो हे उमगणे, त्याचे मनापासून दुःख होणे आणि त्या वाटेने पुन्हा न जाणे, याला मराठीत पश्चात्ताप म्हणतात. उर्दूत यालाच तोबा म्हणतात. पश्चात्ताप एका क्षणात पुरा होतो, की त्याला सारे आयुष्य लागते? इंग्लंडमधील एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर सापडते. त्यांचे नाव जॉन न्यूटन. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारे आयझॅक न्यूटन ते वेगळे. हे न्यूटन आधी खलाशी होते, मग गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजाचे कप्तान झाले आणि शेवटी गोरगरिबांचे पाद्री झाले.

जॉनचा जन्म १७२५ साली लंडन शहरात, थेम्स नदीच्या काठी असलेल्या वॉपिंग या वस्तीत झाला. त्याचे वडील व्यापारी जहाजाचे कप्तान होते. ते बहुतेक काळ समुद्रावर असत. घरी जॉन आणि त्याची आई दोघेच राहत. आई मोठी धार्मिक होती. तिनेच त्याला लिहायला-वाचायला शिकवले. बायबलमधील वचने आणि लहान लहान भक्तिगीते तिने त्याच्याकडून पाठ करून घेतली. पुढे याने धर्मोपदेशक व्हावे, अशी तिची इच्छा होती. पण तिला क्षयरोग होता. जॉनला सात वर्षे पूर्ण होण्याआधीच ती वारली.

अकराव्या वर्षी जॉन वडिलांबरोबर जहाजावर गेला. समुद्रावरच तो लहानाचा मोठा झाला. संगत वाईट मिळाली. शिव्या देणे, देवाधर्माची टिंगल करणे, वरिष्ठांना उलट उत्तरे देणे हा त्याचा स्वभावच बनला. सतराव्या वर्षी त्याने केंट परगण्यातील एका ओळखीच्या घरी मेरी कॅटलेट नावाची मुलगी पाहिली. तिच्यावर त्याचे मन जडले. पुढच्या साऱ्या दुःखात तिच्या आठवणीनेच त्याला जगवले.

त्या काळी इंग्लंडचे आरमार तरुणांना रस्त्यातून धरून नेत असे आणि जबरदस्तीने लढाऊ जहाजांवर कामाला लावत असे. १७४४ साली जॉनही असाच पकडला गेला. जहाजावरून त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला, पण तो सापडला. सर्व खलाशांसमोर त्याला फटके मारण्यात आले आणि त्याचा हुद्दा काढून घेण्यात आला. त्यानंतर तो आफ्रिकेला जाणाऱ्या एका व्यापारी जहाजावर गेला. हे जहाज गुलामांचा व्यापार करणारे होते.

हा व्यापार कसा चालत असे, ते समजून घेतले पाहिजे. इंग्लंडमधून कापड, बंदुका, दारू, लोखंड असा माल घेऊन जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जात. तेथे या मालाच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. त्या माणसांना साखळ्यांनी जखडून जहाजाच्या तळाशी कोंडले जाई. मग अटलांटिक महासागर ओलांडून त्यांना वेस्ट इंडीज बेटांवर आणि अमेरिकेत नेऊन विकले जाई. तेथे उसाच्या व तंबाखूच्या मळ्यांत ते मरेपर्यंत राबत. परतीच्या वाटेवर तीच जहाजे साखर आणि तंबाखू भरून घरी येत. अनेक इंग्रज व्यापारी यात गबर झाले. त्या काळी इंग्लंडमध्ये फार थोड्या लोकांना यात काही पाप वाटत होते.

सिएरा लिओनच्या किनाऱ्याजवळ प्लँटेन नावाची बेटे आहेत. तेथे जॉन एका गोऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरीला राहिला. थोड्याच दिवसांत तो तापाने आजारी पडला. मालक प्रवासाला गेला होता. मालकाच्या बायकोने जॉनचे हाल केले. त्याला पोटभर अन्न मिळेना, प्यायला पाणीही मागावे लागे. मालक परत आल्यावर तोही त्याच्याशी निर्दयपणे वागू लागला. अंगावर धड कपडे नाहीत, डोक्यावर छप्पर नाही, अशा स्थितीत जॉनने दिवस काढले. भुकेने व्याकूळ होऊन तो रात्री शेतातली मुळे उपटून कच्चीच खात असे. त्याच्याजवळ भूमितीचे एक पुस्तक होते. किनाऱ्यावरच्या वाळूत काठीने आकृत्या काढून तो भूमिती शिके आणि तेवढ्यापुरते आपले दुःख विसरे.

या दिवसांत त्याला कोणी मदत केली? साखळ्यांनी बांधलेल्या आफ्रिकी गुलामांनी! त्यांना स्वतःलाच थोडे अन्न मिळे. त्यातला घास वाचवून, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने, ते तो जॉनला आणून देत. पकडले गेले असते तर त्यांना मार खावा लागला असता. तरीही त्यांनी त्या गोऱ्या मुलाला उपाशी मरू दिले नाही. त्यांची नावे इतिहासात कोठेही लिहिलेली नाहीत. ही गोष्ट आपण लक्षात ठेवूया, कारण जॉन मात्र ती लवकरच विसरला.

वडिलांनी ओळखीच्या एका व्यापाऱ्याला सांगून मुलाचा शोध सुरू केला होता. १७४७ साली ‘ग्रेहाउंड’ नावाच्या जहाजाच्या कप्तानाला जॉन सापडला आणि तो मायदेशी निघाला. जहाजात हस्तिदंत, मेण आणि रंगासाठी वापरायचे लाकूड भरलेले होते. जॉनची जीभ मात्र सुधारली नव्हती. त्याच्या शिव्या ऐकून जुना कप्तानसुद्धा कानांवर हात ठेवी.

मार्च १७४८ मध्ये उत्तर अटलांटिक महासागरात मोठे तुफान झाले. रात्री जॉन झोपला असताना एका प्रचंड लाटेचे पाणी त्याच्या खोलीत घुसले. जहाज बुडत असल्याची ओरड झाली. तो शिडीवरून वर धावला. इतक्यात कप्तानाने त्याला सुरी आणायला सांगितले, म्हणून तो माघारी वळला. त्याच्या जागी दुसरा खलाशी वर गेला आणि लाटेबरोबर समुद्रात फेकला गेला. जहाजाच्या एका बाजूच्या फळ्या फुटल्या होत्या. खलाशांनी आपले कपडे आणि अंथरुणे त्या भोकांत कोंबली व वरून फळ्या ठोकल्या. मेण आणि लाकूड पाण्यापेक्षा हलके असते, म्हणूनच ते जहाज कसेबसे तरंगत राहिले.

पहाटे तीनपासून दुपारपर्यंत जॉन पंपाने पाणी उपसत होता. लाटेने वाहून जाऊ नये म्हणून खलाशांनी स्वतःला दोरांनी बांधून घेतले होते. काम करता करता, देवानेच दया केली तर आपण वाचू, अशा अर्थाचे काहीतरी त्याच्या तोंडून सहज निघून गेले. आपलेच शब्द ऐकून तो दचकला. ज्या देवाची आपण आजवर टिंगल केली, तो आपल्यावर दया कशी करील? हात थकल्यावर त्याला सुकाणूवर उभे करण्यात आले. तेथे मध्यरात्रीपर्यंत तो एकटा विचार करत उभा होता. आईने शिकवलेली वचने त्याला इतक्या वर्षांनी आठवू लागली.

त्यानंतर सुमारे चार आठवडे ते मोडके जहाज समुद्रावर भरकटत होते. खाण्याचे बहुतेक सामान वाहून गेले होते. अखेर एप्रिलमध्ये ते आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. त्या वेळी जहाजावरचे उरलेसुरले शेवटचे अन्न चुलीवर शिजत होते. जॉनने मनाशी ठरवले, की यापुढे आपण देवाची टिंगल करणार नाही. तुफानाचा तो दिवस त्याने पुढे जन्मभर दरवर्षी प्रार्थनेत घालवला.

येथे एखादी साधी गोष्ट संपली असती. वाईट माणूस होता, तुफान झाले आणि तो चांगला झाला! पण जॉन न्यूटनचे खरे चरित्र इतके सरळ नाही.

त्याने शिव्या सोडल्या, दारू सोडली, तो नियमाने प्रार्थना करू लागला. पण गुलामांचा व्यापार त्याने सोडला नाही. त्याच वर्षी तो गुलामांच्या एका जहाजावर कप्तानाच्या हाताखालचा अधिकारी म्हणून गेला. १७५० साली त्याचे मेरीशी लग्न झाले आणि त्याच वर्षी तो स्वतः कप्तान झाला. १७५० ते १७५४ या काळात त्याने आफ्रिकेच्या तीन सफरी केल्या. दर रविवारी तो खलाशांना जमवून डेकवर प्रार्थना म्हणत असे, आणि त्याच डेकखाली साखळ्यांत बांधलेली माणसे घुसमटत असत. त्यांना नीट उठून बसता येईल एवढीही जागा तेथे नसे. एकदा कैद्यांनी बंडाचा बेत केल्याचा संशय आला. तेव्हा कबुली घेण्यासाठी न्यूटनने काही मुलांची बोटे लोखंडी पेचात आवळली. ही नोंद त्याने स्वतःच आपल्या रोजनिशीत केली आहे.

ज्यांच्यासारख्या माणसांनी आपल्या तोंडचा घास त्याला दिला होता, त्यांनाच तो आता विकत होता. आपण काही वाईट करत आहोत, असे त्याला त्या वेळी वाटले नाही. सारे जग जे करते ते पाप वाटत नाही, हेच अशा पापाचे भयंकर रूप आहे.

त्याने हा व्यवसाय सोडला तोही सदसद्विवेकबुद्धीमुळे नव्हे. १७५४ साली चौथ्या सफरीवर निघण्याच्या दोन दिवस आधी त्याला अचानक झटका आला आणि तो बेशुद्ध पडला. डॉक्टरांनी समुद्रावर जाण्यास मनाई केली. पुढच्या वर्षी लिव्हरपूल बंदरात त्याला जकात खात्यात नोकरी मिळाली. येणाऱ्या जहाजांची झडती घेणे हे त्याचे काम होते. फावल्या वेळात तो ग्रीक आणि हिब्रू भाषा शिकला, धर्मग्रंथ वाचू लागला. आपण पाद्री व्हावे असे त्याला वाटू लागले. अनेक वर्षे त्याचे अर्ज नामंजूर झाले. शेवटी १७६४ साली त्याला धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. आईची इच्छा तिच्या मृत्यूनंतर बत्तीस वर्षांनी पूर्ण झाली.

न्यूटन यांची नेमणूक बकिंगहॅमशायर परगण्यातील ओल्नी या छोट्या गावी झाली. गाव गरीब होते. बायका आणि लहान मुले घरी बसून हाताने लेस विणत. लेस म्हणजे दोऱ्याची नाजूक जाळीदार किनार. श्रीमंतांच्या कपड्यांना ती शोभा देई, पण विणणाऱ्यांना पोटापुरतेही मिळत नसे. दिवसभर वाकून बसल्यामुळे त्यांच्या पाठी आणि डोळे खराब होत. फार थोड्यांना वाचता येत होते.

त्या काळचे पुष्कळ पाद्री गरिबांच्या झोपडीत पाऊल टाकत नसत. न्यूटन मात्र आपला जुना खलाशाचा कोट घालून घरोघर जात. विणणाऱ्या बाईच्या शेजारी बसून तिची विचारपूस करत. शुभवर्तमान, म्हणजे येशू ख्रिस्तांची आनंदाची वार्ता, ते साध्या बोलीत सांगत. शुभवर्तमानालाच उर्दूत इंजील म्हणतात. देवाची दया माणसाची लायकी पाहून मिळत नाही, ती मागणाऱ्याला मिळते, हे त्यांच्या उपदेशाचे सार होते. हे सांगताना ते उंच जागेवरून बोलत नसत. आपण किती वाईट होतो, हे ते लपवत नसत. त्यामुळे लोकांचा त्यांच्यावर विश्वास बसला. चर्चमध्ये इतकी गर्दी होऊ लागली, की आत एक जास्तीचा सज्जा बांधावा लागला. मुलांसाठी त्यांनी आठवड्यातून एक वेगळी सभा सुरू केली. लंडनचे धनिक व्यापारी जॉन थॉर्नटन त्यांना दरवर्षी दोनशे पौंड पाठवत. ती रक्कम गरिबांसाठी आणि दारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी खर्च होई.

ओल्नीमध्ये विल्यम कूपर नावाचे कवी राहत होते. ते मोठे प्रतिभावान होते, पण त्यांना मनाच्या आजाराचे झटके येत. १७७३ साली त्यांचा आजार फार वाढला. तेव्हा न्यूटन पतिपत्नींनी त्यांना एक वर्षाहून अधिक काळ आपल्या घरी ठेवून घेतले आणि त्यांची सेवा केली. वेड्या माणसापासून लोक दूर पळत, अशा काळातली ही गोष्ट आहे.

या दोघा मित्रांनी मिळून गावातील प्रार्थनासभांसाठी भक्तिगीते रचली. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही ऐकून पाठ करता यावीत, इतकी ती सोपी होती. १७७९ साली त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात ३४८ गीते आहेत. त्यांपैकी ‘अमेझिंग ग्रेस’ हे न्यूटन यांचे गीत आज जगभर गायले जाते. १ जानेवारी १७७३ या नववर्षाच्या दिवशी ओल्नीच्या लोकांसाठी ते लिहिले होते. आपली लायकी नसताना देवाने आपल्यावर कृपा केली, हा त्याचा भाव आहे. आज ज्या चालीवर ते गातात, ती चाल १८३५ साली अमेरिकेत त्याला जोडली गेली. ज्या आफ्रिकी लोकांना साखळ्यांत बांधून अमेरिकेत नेले होते, त्यांच्या वंशजांनीही हे गीत आपले मानले.

१७८० साली न्यूटन लंडनमधील सेंट मेरी वुलनॉथ या चर्चचे पाद्री झाले. डिसेंबर १७८५ मध्ये एक तरुण त्यांना गुपचूप भेटायला आला. त्याचे नाव विल्यम विल्बरफोर्स. तो संसदेचा सभासद होता. दार ठोठावण्यापूर्वी त्याने चौकात एकदोन फेऱ्या मारल्या, इतका तो संकोचला होता. राजकारण सोडून केवळ धर्मकार्याला लागावे काय, असा प्रश्न त्याला पडला होता. न्यूटन यांनी त्याला संसदेतच राहून देवाचे काम करण्याचा सल्ला दिला. पुढे हाच तरुण संसदेत गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उभा राहिला.

आता न्यूटन यांच्यासमोर कठीण प्रसंग आला. गुलामांचे व्यापारी सांगत, की जहाजांवर गुलाम सुखात असतात. हे खोटे आहे, असे कोण सांगणार? ज्याने ती जहाजे आतून पाहिली आहेत, त्यानेच सांगायला हवे होते. पण सांगायचे म्हणजे स्वतःचा अपराध जगापुढे मांडायचा! न्यूटन यांचे वय साठीच्या पुढे गेले होते. धर्मोपदेशक म्हणून त्यांना मोठा मान होता. गप्प राहिले असते, तर तो मान तसाच राहिला असता.

ते गप्प राहिले नाहीत. १७८८ साली त्यांनी आफ्रिकेतील गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. माणसांना कसे कोंबतात, कसे मारतात, स्त्रियांची अब्रू कशी घेतात, रोगाने किती जण मरतात, हे सारे त्यांनी लिहिले. या व्यापारात आपण स्वतः होतो, ही कबुली द्यायला आपण फार उशीर केला आणि याची आठवण आपल्याला कायम खाली मान घालायला लावील, असेही त्यांनी नमूद केले. जहाज सोडल्याला तेव्हा तेहेतीस वर्षे होऊन गेली होती. ही पुस्तिका संसदेच्या सभासदांना पाठवण्यात आली. सरकारी चौकशीपुढे आणि संसदेच्या समितीपुढे जाऊन न्यूटन यांनी साक्षही दिली.

हा लढा एकट्या न्यूटन यांचा नव्हता. थॉमस क्लार्कसन यांनी बंदरोबंदरी फिरून पुरावे गोळा केले. ओलाउडा इक्वियानो हे स्वतः गुलामगिरीतून सुटलेले गृहस्थ होते. त्यांनी १७८९ साली आपले आत्मचरित्र लिहून इंग्रजांचे डोळे उघडले. विल्बरफोर्स यांचा ठराव संसदेत पुन्हा पुन्हा पडला. १७९१ साली त्याच्या बाजूने ८८ आणि विरुद्ध १६३ मते पडली. तरी त्यांनी हार मानली नाही.

इकडे न्यूटन म्हातारे झाले. १७९० साली मेरी वारली. त्यांची दृष्टी गेली. मेरीच्या भावाची मुलगी त्यांनी दत्तक घेतली होती. ती त्यांना वाचून दाखवत असे. तरीही ते चर्चमध्ये उपदेश करत राहिले. स्मरणशक्ती कमी झाली होती, पण आपण मोठे पापी होतो आणि ख्रिस्त त्याहून मोठा तारणारा आहे, या दोन गोष्टी आपण विसरलो नाही, असे ते सांगत.

१८०७ साली कायदा मंजूर झाला. या वेळी बाजूने २८३ मते पडली आणि विरुद्ध केवळ १६. ब्रिटिश जहाजांवर गुलामांचा व्यापार बंद झाला. आंधळ्या न्यूटन यांच्या कानांवर ही बातमी आली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरीच रद्द करणारा कायदा मात्र त्यानंतर, १८३३ साली, झाला.

न्यूटन यांच्या पश्चात्तापाची सुरुवात तुफानाच्या रात्री झाली, पण तो त्या रात्री पुरा झाला नाही. त्या रात्री त्यांना फक्त आपला जीव वाचल्याचे कळले. आपल्यामुळे दुसऱ्यांचे जीव गेले, हे कळायला अनेक वर्षे लागली, आणि ते चारचौघांत बोलायला त्याहूनही अधिक. समुद्रात गेलेली माणसे त्यांना परत आणता आली नाहीत. प्लँटेन बेटावर ज्यांनी घास दिला, त्यांचे ऋणही फेडता आले नाही. पण इतरांना तरी त्या साखळ्या पडू नयेत, म्हणून त्यांनी आपली लाज बाजूला ठेवली आणि खरे ते सांगितले.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जॉन न्यूटन यांना लिहायला-वाचायला कोणी शिकवले?
(आ) प्लँटेन बेटावर जॉनला अन्न कोणी दिले?
(इ) ओल्नी गावातील बायका व मुले कोणते काम करत?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तुफानात ‘ग्रेहाउंड’ जहाज कसे वाचले?
(आ) ओल्नीतील गरिबांचा न्यूटन यांच्यावर विश्वास का बसला?
(इ) पुस्तिका लिहिणे न्यूटन यांना कठीण का होते?

३. पुढील शब्द मराठीत आणि उर्दूतही वापरले जातात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
जहाज, तुफान, गुलाम, कैदी, खलाशी

४. तुफानानंतरही न्यूटन यांनी गुलामांचा व्यापार सोडला नाही. असे का झाले असेल? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.